ब्रेक दाबल्यावर ऊर्जा जाते कुठे?

चाकाला एक डायनामो जोडला की स्कूटर धावता धावता स्वतःच चार्ज होत राहते आणि तिला विजेची गरजच उरत नाही, असे सांगणाऱ्या चित्रफिती पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वारंवार फिरत असतात. त्यांच्यावर विश्वास ठेवणारे लोक शिकलेले असतात, आणि शाळेत ऊर्जा अक्षय्यतेचा नियम त्यांनी पाठही केलेला असतो. डायनामो जेवढी वीज देतो त्याहून थोडी अधिक ऊर्जा तो चाकाकडून काढून घेतो, त्यामुळे सपाट रस्त्यावर अशी स्कूटर बॅटरी वाचवण्याऐवजी ती लवकर संपवते. पाण्यावर चालणाऱ्या मोटारीचा दावाही याच जातीचा आहे. पाणी हे हायड्रोजन जळून झालेले संयुग आहे. ते पुन्हा फोडायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच फार तर परत मिळू शकते. अशा दाव्यांचा मला मनापासून राग येतो, कारण विजेच्या गाडीत ऊर्जा खरोखरच परत मिळते असा एक क्षण असतो आणि या गदारोळात त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो क्षण म्हणजे ब्रेक लावण्याचा.

प्रवाशांसह १६ टन वजनाची बस ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा ८ लाख ज्यूल भरते. विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, त्यामुळे ही ऊर्जा सुमारे ०.२२ युनिट झाली. डिझेल किंवा सीएनजीची बस थांबते तेव्हा यातला बहुतेक भाग ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन हवेत जातो आणि सिग्नल सुटला की तेवढीच ऊर्जा इंधन जाळून नव्याने निर्माण करावी लागते. कात्रजहून शिवाजीनगरकडे येताना बस थांब्यांवर आणि चौकांत मिळून अशी वीस वेळा थांबली, तर चार युनिटांहून अधिक ऊर्जा केवळ ब्रेक तापवण्यात खर्च होते.

विजेच्या गाडीतली मोटर हीच ऊर्जा परत मिळवते, आणि तेही कोणताही वेगळा डायनामो न बसवता. या मोटरच्या मध्यभागी सहसा चुंबक बसवलेला, फिरणारा रोटर असतो आणि त्याभोवती तारेची तीन वेटोळी असलेला, स्थिर स्टेटर असतो. बॅटरीतला एकदिश प्रवाह इन्व्हर्टर हे इलेक्ट्रॉनिक उपकरण या तीन वेटोळ्यांमध्ये क्रमाक्रमाने अशा रीतीने सोडतो, की स्टेटरमध्ये एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र रोटरच्या किंचित पुढे ठेवले तर रोटर त्याच्याकडे ओढला जातो आणि गाडी पुढे जाते. तेच क्षेत्र रोटरच्या किंचित मागे ठेवले तर रोटर मागे खेचला जातो आणि गाडीचा वेग कमी होतो. बैलाचा कासरा धरणारा माणूस पुढे चालला तर बैल ओढला जातो आणि मागे राहिला तर तोच कासरा बैलाला आवरतो, तसाच हा प्रकार आहे. पुढचे मागे होण्यासाठी एकही दात किंवा पट्टा हलावा लागत नाही. इन्व्हर्टरमधल्या सहा इलेक्ट्रॉनिक स्विचांच्या उघडझापीची वेळ सेकंदाच्या सूक्ष्म अंशाने बदलली की पुरते. रोटर मागे खेचला जात असताना त्याची ऊर्जा वेटोळ्यांमध्ये विद्युतप्रवाह होऊन उतरते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच, आणि लेन्झच्या नियमानुसार हा प्रवाह आपल्या कारणालाच, म्हणजे रोटरच्या फिरण्याला, विरोध करतो. ब्रेक लागणे आणि वीज निर्माण होणे या येथे दोन घटना नाहीत, ती एकच घटना आहे.

येथे एक अडचण उभी राहते आणि तिचे उत्तर मला सर्वांत देखणे वाटते. गाडी हळू असते तेव्हा मोटरमध्ये निर्माण होणारा विद्युतदाब बॅटरीच्या दाबापेक्षा कमी असतो, मग खालच्या दाबाकडून वरच्या दाबाकडे प्रवाह जाणार कसा? इन्व्हर्टर क्षणभर वेटोळ्यांची टोके एकमेकांना जोडतो, त्यामुळे प्रवाह वाढत जातो आणि वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. मग ती जोडणी अचानक तोडली जाते. वेटोळ्याच्या प्रवर्तकतेमुळे, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याच्या गुणधर्मामुळे, प्रवाह एकदम शून्य होऊ शकत नाही. तो टिकवण्यासाठी वेटोळे आपल्या टोकांमधला दाब वाढवते आणि बॅटरीचा दाब ओलांडून प्रवाह तिच्यात ढकलते. हे सेकंदाला हजारो वेळा घडते, आणि प्रवाशाला मात्र बस सावकाश थांबली एवढेच जाणवते.

मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी या प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होतेच, म्हणून बसच्या गतिज ऊर्जेपैकी साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक भाग परत हाती येतो असे धरावे. त्याच वेगाने जाणारी स्कूटर चालकासह २०० किलोची धरली, तर तिची गतिज ऊर्जा जेमतेम १० हजार ज्यूल होते आणि पेट्रोलच्या स्कूटरऐवजी विजेची घेण्याचा तिथला मोठा फायदा मोटरच्या कार्यक्षमतेचा असतो, ब्रेकचा नव्हे. त्यामुळे स्वच्छ वाहनांसाठी शहराने पैसा कुठे घालावा असे मला विचारले, तर वारंवार थांबणाऱ्या जड बस, कचऱ्याच्या गाड्या आणि मालवाहू टेम्पो यांना मी पहिले स्थान देईन. पुण्याची शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलने २०१९ पासून विजेच्या बस रस्त्यावर आणल्या, ही म्हणूनच योग्य जागी झालेली सुरुवात होती. यात ब्रेकच्या अस्तरांची झीजही घटते आणि त्यातून उडणारी सूक्ष्म धूळ कमी होते. टायरची धूळ मात्र कमी होत नाही, उलट बॅटरीच्या वजनामुळे ती थोडी वाढूही शकते.

वीज कोळशापासूनच येते, मग उपयोग काय, हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्रातली बरीच वीज आजही औष्णिक केंद्रांतून येते आणि तिथेही निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते, त्यामुळे कर्बवायूतली बचत जाहिरातींत दिसते तेवढी मोठी नाही. परंतु स्वारगेटच्या चौकात माणसांच्या नाकासमोर निघणारा धूर थांबतो, आणि सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसले की उरलेला हिशेबही बदलू लागतो. इंधन बदलण्याचा पर्यायही सुचवला जातो. सीएनजीमुळे पुण्यातल्या रिक्षांचा काळा धूर गेला हे खरे आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. पण कोणतेही इंधन घातले तरी केवळ इंजिनावर चालणाऱ्या गाडीत ब्रेकची उष्णता पुन्हा इंधन होत नाही.

घाटात हाच हिशेब मोठा होतो. १६ टनांची बस १०० मीटर उंच चढवायला, घर्षण सोडून, सुमारे ४.४ युनिट लागतात आणि उतरताना त्यातला चांगला भाग परत मिळू शकतो. २०२२ मध्ये सिंहगडावर ई-बस सोडण्याचा प्रयोग झाला होता, पण तो फार काळ चालला नाही. तो पुन्हा करायचा असेल तर चार्जिंगची जागा गडाच्या पायथ्याशी असावी, कारण पूर्ण भरलेली बॅटरी आणखी ऊर्जा घेऊ शकत नाही. गडावर चार्ज करून निघालेली बस उतारावर सुरुवातीलाच परतीची ऊर्जा नाकारेल आणि तिचा सारा भार घर्षणाच्या ब्रेकवर पडेल. चालकांनाही सिग्नल दूर असतानाच अ‍ॅक्सिलरेटर सोडण्याचे प्रशिक्षण द्यायला हवे, कारण ब्रेक अचानक जोरात दाबला की मोटर आणि बॅटरीच्या क्षमतेबाहेरची ऊर्जा पुन्हा अस्तरांतच जाते. मोटर आणि बॅटरीतून जाणारा प्रवाह बसचा नियंत्रक सतत मोजत असतो. त्यातून कोणत्या मार्गावर किती युनिट परत आले याचे आकडे काढून डेपोंनी ते दरमहा लोकांसमोर ठेवले, तर पुढची विजेची बस कोणत्या मार्गावर द्यावी हे मोजून ठरवता येईल.