पाणमांजर ट्रेल कॅमेऱ्याला कसं चकवतं

ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर प्राणी आला की आपोआप चालू होणारा कॅमेरा, नदीकाठी लावला, पंधरा दिवसांनी कार्ड काढलं, तर शेकडो क्लिप आणि सगळ्या हलणाऱ्या गवताच्या. पाणमांजर एकाही क्लिपमध्ये नाही. मग वाटतं की इथे ती नसणारच. पण एवढ्यात तसं ठरवू नका.

हा कॅमेरा हालचाल बघतो असं आपण धरून चालतो, पण त्याचा सेन्सर मुळात उष्णता बघतो. मागच्या जमिनीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी समोरून सरकलं की तो जागा होतो. कुत्रा, हरीण, माणूस लगेच सापडतात. पाणमांजराची गोष्ट वेगळी, कारण त्याच्या अंगावरची लव भयंकर दाट असते. युरेशियन पाणमांजराला एका चौरस सेंटीमीटरमध्ये ५० हजारांहून जास्त केस असतात, आपल्या अख्ख्या डोक्यावर साधारण लाखभर असतात म्हणजे बघा! या लवेत हवा अडकून राहते, पाणी कातडीपर्यंत पोचत नाही आणि अंगातली ऊब बाहेर येत नाही. त्यामुळे ते नुकतंच पाण्यातून वर आलं की त्याचं बाहेरचं अंग जवळपास पाण्याइतकंच गार असतं, आणि सेन्सरला तिथे कोणी आहे याचा पत्ताच लागत नाही. पाण्यात उतरणारी पाणमांजरं कॅमेऱ्यात येतात, बाहेर येणारी बऱ्याचदा निसटतात ती यामुळेच.

म्हणून कॅमेरा अगदी पाण्याच्या कडेला रोखू नये, थोडा वर लावावा, जिथे ती गवतात लोळून अंग कोरडं करतात किंवा विष्ठा टाकायला येतात. उंची गुडघ्याच्या खालीच हवी, बुटका प्राणी आहे. आणि वाट कॅमेऱ्यासमोरून आडवी जाईल असं बघा, थेट अंगावर चालत येणारा प्राणी सेन्सरला उशिरा कळतो.

विष्ठेची जागा म्हणजे बहुतेक पाण्यालगतचा उंच दगड, त्यावर माशांचे काटे आणि खवले दिसतात, कधी खेकड्याच्या कवचाचे तुकडे. एकदा जागा ठरली की ती पुन्हापुन्हा तिथेच येतात. इथला व्हिडिओ मला सगळ्यात आवडतो: आधी नाक दगडाला लावून बराच वेळ वास घेणं, मग गर्रकन वळणं, शेपटी वर, मागचे पाय धपधप आपटणं, आणि झालं की लगेच पाण्यात. त्या वासातून दुसऱ्याला कळतं की कोण येऊन गेलं, नर की मादी. फोटोमध्ये यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे मोड व्हिडिओवरच ठेवा.

मोजणी मात्र अवघड. दक्षिण अमेरिकेतल्या जायंट ऑटर या मोठ्या पाणमांजराच्या गळ्यावर प्रत्येकाचे वेगळे ठिपके असतात, त्यावरून एकेकाला ओळखता येतं. युरेशियन पाणमांजराला तशी खूण नसते, त्यामुळे दहा क्लिप म्हणजे दहा प्राणी असं अजिबात नाही, एकच दहा वेळा आलेलं असू शकतं.

पिल्लं असलेल्या बिळाच्या तोंडाशी कॅमेरा लावायला जाऊच नका, सारखी ये-जा केली तर आई पिल्लांना घेऊन जागा बदलू शकते. आणि लोकेशन कुठेही टाकू नका, कातड्यासाठी शिकार होते यांची.

आणखी एक, रिकाम्या वाटणाऱ्या क्लिप लगेच डिलीट करू नका. गवत हललं म्हणून कॅमेरा चालू झालेला असतो, प्राणी कुठेच नसतो, पण नीट बघितलं तर कोरड्या दगडावर पाण्यापासून वरपर्यंत एक ओली रेघ गेलेली असते.