तोरा बोराच्या डोंगरातला ‘बहुमजली किल्ला’ : खुलासा

अल्-कायदाचा म्होरक्या ओसामा बिन लादेन अफगाणिस्तानात तोरा बोराच्या डोंगराखाली वीज, लिफ्ट आणि हजार माणसं मावतील अशा बहुमजली भुयारी किल्ल्यात राहत होता, असा समज २००१ पासून फिरतो आहे. वर्तमानपत्रांनी तेव्हा तशी सुबक चित्रं छापली होती. त्यामुळे ते खरं वाटलं, यात नवल नाही.

प्रत्यक्षात डिसेंबर २००१ च्या लढाईनंतर तिथे सापडल्या त्या लहान गुहा, खंदक आणि दारूगोळ्याचे साठे.

पडताळा साध्या गणिताने घेता येतो. दहा मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर उंच अशी एकच खोली खोदली, तर ३०० घनमीटर खडक निघतो. फुटलेला दगड फुगून साधारण दीडपट जागा घेतो, म्हणजे ४५० घनमीटर. दहा घनमीटरचे ४५ डंपर! शेकडो खोल्यांचा राडारोडा उतारावर लपत नाही. शिवाय हवा खेळवायला झरोके हवेत, जनरेटरचा धूर बाहेर काढावा लागतो.

बिन लादेन २०११ मध्ये सापडला तो पाकिस्तानातल्या अबोटाबाद शहरात, तीन मजली घरात. फोन नाही, इंटरनेट नाही. कचरा आवारातच जाळत. निरोप पेन ड्राइव्हवर, विश्वासू माणसाच्या हातून जात. त्याच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग अमेरिकेने नंतर खुला केला आहे, तो कुणालाही वाचता येतो.