निऑन टेट्रा जोडीनं ठेवायचा मासा नाही

पुण्यात फिश टँकचं सामान घ्यायला गेलं की हमखास ऐकू येतं, ‘आधी एक जोडी न्या, जगली तर बाकीचे आणा.’ निऑन टेट्राच्या बाबतीत हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी कितीतरी मासे हकनाक जातात.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा जीव घोळक्याच्या आधारानं जगतो. शेजारी वळला की हाही वळतो. नजरेनं आणि अंगाच्या कडेवरच्या, पाण्याची हालचाल टिपणाऱ्या रेषेनं. दोघंच असले की फिल्टरमागे दडून बसतात, खाणं टाकतात, रंग उतरतो. माझ्याकडचे दोन असेच कोपरा धरून होते. आणखी आठ आणल्यावर चारच दिवसांत मधोमध फिरू लागले. किमान सहा हवेत, दहा असले तर उत्तम.

(सकाळी लाइट लावल्यावर निऑन फिके दिसले तर घाबरून औषध ओतू नका. अंधारात त्यांचा रंग उतरतोच. काही मिनिटांत निळा पट्टा परत चमकतो.)

टायगर बार्ब या पट्टेरी माशाचंही तेच. दोन-तीनच ठेवले तर शेजाऱ्यांचे पर कुरतडतात, आठ-दहा असले की आपापसातच पाठलाग करतात.

सावधगिरी हवी ती पाण्याची. टाकी मासे न सोडता चार ते सहा आठवडे तयार होऊ द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढतील. अमोनिया (घाणीतून तयार होणारं, माशांना विषारी द्रव्य) शून्यावर आला का ते तपासा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन औषधानं काढा. बोअरवेलचं जड पाणी निऑनला मानवत नाही.