तोडत राहिले म्हणून टिकलेलं जंगल

इंग्लंडमध्ये सफोकला ब्रॅडफील्ड वुड्स म्हणून एक जंगल आहे, तिथे १२५२ पासून, म्हणजे बरी सेंट एडमंड्स या गावच्या मठाच्या कागदपत्रांत नोंद सापडते तेव्हापासून, लाकूडतोड चालू आहे आणि जंगल अजून जागच्या जागी आहे. तिथला अ‍ॅश नावाच्या झाडाचा एक खुंट तर हजारेक वर्षांचा असावा असा अंदाज आहे, नुसती रुंदीच साडेपाच मीटरच्या आसपास! न तोडलेला अ‍ॅश सहसा दोन-तीनशे वर्षांत आटोपतो.

या पद्धतीला कॉपिसिंग म्हणतात. ऊस तोडून आपण खोडवा ठेवतो ना, तसंच, फक्त हा खोडवा शतकानुशतकं चालतो. होतं असं की शेंड्याकडून खाली येणारं ऑक्सिन नावाचं हॉर्मोन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, झाड बुडाशी कापलं की तो दाब जातो, सालीखालचे डोळे फुटतात, आणि मुळं तर आधीच मोठ्या झाडाची, स्टार्चने भरलेली, त्यामुळे धुमारे पहिल्याच उन्हाळ्यात माणसाएवढे होऊ शकतात. म्हणूनच तोड हिवाळ्यात करायची, साठा मुळांत असताना. बहुतेक पाइनना मात्र हे जमत नाही, कापला की संपला.

सगळं जंगल एकदम तोडायचं नाही, तुकडे पाडून पाळीपाळीने. हेझल नावाचं झुडूप ७ ते १० वर्षांनी, ओक २०-३० वर्षांनी. हेझलच्या काठ्या चिरून मेंढ्यांसाठी विणलेली कुंपणं व्हायची, कुडाच्या भिंती व्हायच्या, उरलं ते सरपण. मध्येमध्ये काही ओक मोठे होऊ द्यायचे, घरांच्या तुळयांसाठी. आठव्या हेन्रीच्या काळात १५४३ साली कायदाच झाला की एकरी १२ झाडं राखा आणि तोडलेल्या भागात काही वर्षं गुरं शिरू देऊ नका. पद्धत त्याहून खूपच जुनी असणार, कारण सॉमरसेटच्या दलदलीत इ.स.पू. ३८०७-०६ मध्ये बांधलेली स्वीट ट्रॅक नावाची लाकडी पायवाट सापडलीय, तिच्यातही अशा तोडीनंतर फुटतात तशाच लांब सरळ काठ्या आहेत.

लोखंडाच्या भट्ट्यांनी इंग्लंडची जंगलं खाल्ली असं सर्रास ऐकू येतं. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ऑलिव्हर रॅकहॅम यांनी ते खोडून काढलं, आणि मला त्यांचं पटतं, कारण भट्टीवाल्याला लाकडाचा कोळसा दरवर्षी लागणार, तो आपलंच जंगल कशाला संपवेल? जंगल जातं ते जमीन शेतीखाली आली की. वेल्समधल्या उतारांवरची ओकची रानंही अशीच कामातली होती, लाकूड कोळशाला आणि साल चामडं कमवायला.

पुढे दगडी कोळसा आला, लाकडाला गिऱ्हाईक उरलं नाही, तोड थांबली. वरवर वाटेल बरं झालं, पण नाही. ताज्या तोडीत जमिनीवर ऊन पडतं, प्रिमरोझ, व्हायोलेट बहरतात, व्हायोलेटवर पर्ल-बॉर्डर्ड फ्रिटिलरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. चार-सहा वर्षांत सावली दाट झाली की फुलपाखरू शेजारच्या नव्या तोडीत जायचं. आता शेजारी नवी तोडच नसेल तर जाणार कुठे? बऱ्याच जंगलांतून ते नाहीसंच झालं.

आता निसर्गसंस्था पुन्हा कॉपिसिंग करतायत, पण हरणं इतकी वाढलीत की कोवळे धुमारे राहतच नाहीत. एक तर उंच जाळी मारा, नाहीतर छाटलेल्या फांद्यांचा ढीग खुंटावरच रचून ठेवा, दोन्हीला खर्च आणि माणसं लागतात.