कर्णशस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत ओळखणे (कोकण किनारपट्टी)

कानाचा पडदा बसवणे, कानामागच्या मॅस्टॉइड हाडातील सड काढणे किंवा रिकीब (मध्यकर्णातले आवाज आत पोचवणारे इवलेसे हाड) बदलणे अशा शस्त्रक्रियांनंतर काही त्रास अपेक्षितच असतो. जखम ठणकते, पॅकिंगमुळे (कानात भरलेल्या पट्टीमुळे) ऐकू कमी येते, कापसाला किंचित रक्तमिश्रित स्राव लागतो आणि चवीची एक बारीक नस मध्यकर्णातून जात असल्याने जिभेच्या एका बाजूची चव बदलते. चव पूर्ववत होण्यास काही महिनेही लागतात. बाकीचे त्रास मात्र दिवसागणिक उतरतात. उतरलेला ठणका पुन्हा चढू लागणे ही संसर्गाची शंका घेण्याजोगी खूण होय.

चेहऱ्याची नसही मध्यकर्णाला लागूनच जाते. म्हणून रुग्णाला रोज डोळे घट्ट मिटण्यास व दात दाखवण्यास सांगावे. शस्त्रक्रियेनंतर लगेच चेहरा वाकडा दिसल्यास तो भुलेच्या इंजेक्शनचा परिणाम असू शकतो आणि काही तासांत ओसरतो. तरीही तो डॉक्टरांना तत्काळ दाखवावा, आणि काही दिवसांनी आलेला वाकडेपणाही तितक्याच तातडीने. दुसरा कान धड असेल, तर तोंड मिटून गुणगुणल्यावर आवाज पॅकिंग असलेल्या कानात मोठा वाटतो. तो धड कानाकडे सरकल्यास अंतःकर्णाला इजा झाल्याची शंका येते. डॉक्टर हेच ५१२ हर्ट्‌झच्या नादकाट्याने (ठोकल्यावर ठरावीक सूर देणाऱ्या धातूच्या दुशाखी काट्याने) पडताळतात.

कोकणातील पावसाळ्याच्या दमट हवेत कानात बुरशी सहज धरते : खाज सुटते, कान गच्च होतो आणि आत काळ्या ठिपक्यांचा ओलसर लगदा दिसतो. त्यावर खोबरेल घालण्याची घरगुती सवय घातक आहे, कारण तेलाने ओल टिकते आणि स्रावाचे खरे रूप झाकले जाते. याहून गंभीर चूक म्हणजे नितळ स्रावाला ‘पावसाचे पाणी गेले असेल’ असे समजणे. वाकल्यावर कानातून किंवा त्याच बाजूच्या नाकपुडीतून पाण्यासारखा, खारट द्रव ठिबकत असेल, तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. जोडीला ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा मान आखडणे असल्यास मेंदूच्या आवरणाच्या दाहाची शक्यता धरून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.

मासेमारीबंदीच्या जून-जुलैमध्ये शस्त्रक्रिया करून घेतलेल्याने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय होडीवर परतू नये. जाळे ओढताना पडणारा ताण रिकिबीच्या शस्त्रक्रियेनंतर विशेष धोक्याचा असतो. अशा वेळी अचानक गरगरून ऐकू येणे घटल्यास ‘बोट लागली’ म्हणून ते अंगावर काढू नये. आंबा घाट उतरताना कानांत दडे बसणे साधे आहे. दड्यासोबत भोवळ येऊन ती थांबत नसेल, तर कान त्याच दिवशी तपासून घ्यावा.