वॉर्सातले दोन उठाव : १९४३ चा वेगळा, १९४४ चा वेगळा

वॉर्सात नाझींविरुद्ध उठाव झाला असं सरसकट लिहितात आणि खाली फोटो भलत्याच उठावाचा लावतात. उठाव दोन झालेत, एप्रिल १९४३ चा घेटोतला आणि ऑगस्ट १९४४ चा अख्ख्या शहराचा.

घेटो म्हणजे १९४० च्या नोव्हेंबरमध्ये भिंत घालून बंद केलेली ज्यू वस्ती, चार लाखांवर माणसं कोंबलेली, उपासमार आणि टायफसनेच हजारो गेली, मग १९४२ च्या उन्हाळ्यात दोनेक महिन्यांत अडीच लाखांहून जास्त लोकांना ट्रेनमध्ये भरून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं आणि गॅसने मारलं. १९ एप्रिल १९४३ ला जर्मन फौज उरलेल्यांना न्यायला आली तेव्हा काही शे पोरापोरींनी पिस्तुलं, हातबॉम्ब, पेट्रोलच्या बाटल्या घेऊन लढाई दिली. त्यांचा कमांडर मोर्देखाय आनिएलेविच पंचविशीचाही नव्हता. जिंकणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून याला 'फसलेला उठाव' म्हणणं मला अजिबात पटत नाही. आणि ज्यांच्याकडे शस्त्रच नव्हतं अशी हजारो साधी माणसं, म्हातारे, आया, लेकरं, ट्रेनमध्ये चढायचं नाही म्हणून तळघरांतल्या बंकरमध्ये लपून राहिली, जर्मनांना एकेक इमारत पेटवत त्यांना बाहेर काढावं लागलं, हाही प्रतिकारच की! १६ मे ला जर्मनांनी मोठं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) उडवून दिलं आणि संपलं म्हणून जाहीर केलं.

१९४४ चं गणित वेगळं. इथे पोलंडची भूमिगत होम आर्मी होती आणि रीतसर प्लॅन होता, रशियन फौज शहरात शिरायच्या आधी राजधानी आपल्या ताब्यात घ्यायची. १ ऑगस्टला संध्याकाळी ५ वाजता सुरुवात झाली, ६३ दिवस लढले, पण विस्तुला नदीच्या पलीकडे असलेल्या रशियन फौजेकडून पुरेशी मदत आलीच नाही. किंमत मोजली ती नागरिकांनी, एकट्या वोला भागात जर्मनांनी काही दिवसांत हजारोंना घरातून काढून गोळ्या घातल्या, एकूण दीड ते दोन लाख नागरिक गेले आणि उरलेलं शहर जर्मनांनी ठरवून जमीनदोस्त केलं. हा उठाव करायला हवा होता का, यावर पोलंडमध्ये अजून वाद होतात.

दोन्हींत लढलेली माणसंही होती, मारेक एडेलमन त्यातले एक.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या कोल्हापूरजवळ असलेल्या वळिवड्याच्या निर्वासित कॅम्पमधले पोलिश लोक मात्र या दोन्हींतले नव्हेत, ते पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले, इराणमार्गे इथे पोचलेले.