आर्ची गेमिल

गेमिल, आर्ची : (२४ मार्च १९४७). स्कॉटलंडचा व्यावसायिक फुटबॉलपटू; मधल्या फळीतला डावखुरा खेळाडू. जन्म ग्लासगोजवळच्या पेझली या गावी. इंग्लंडमध्ये डर्बी काउंटीकडून दोनदा आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून एकदा असा तीन वेळा तो लीगविजेत्या संघात होता. स्कॉटलंडसाठी ४३ सामन्यांत त्याने ८ गोल केले. त्यांतल्या एकाच गोलामुळे जगाला त्याचे नाव ठाऊक आहे. उंची साडेपाच फुटांहूनही कमी, पण दमसास दांडगा.

पेझलीचाच क्लब असलेल्या सेंट मिरेनमधून त्याने सुरुवात केली. १३ ऑगस्ट १९६६ रोजी क्लाइडविरुद्धच्या लीग कप सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. स्कॉटलंडमधल्या अधिकृत सामन्यात दुखापतीमुळे नव्हे, तर डावपेच म्हणून उतरवलेला पहिला बदली खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडमधल्या प्रेस्टन नॉर्थ एंडकडे गेला.

डर्बीत तो कसा आला, हा किस्सा त्या गावात आजही सांगितला जातो. १९७० साली डर्बीचे प्रशिक्षक ब्रायन क्लफ त्याला करारबद्ध करायला थेट त्याच्या घरी गेले. गेमिल काही लगेच तयार होईना. तेव्हा ‘मग मी बाहेर गाडीतच झोपतो’ म्हणून क्लफ हटून बसले. शेवटी त्यांना घरातच मुक्कामाला ठेवून घ्यावे लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या टेबलावर सही झाली.

क्लफना हवा होता तो चेंडू हिसकावून घेणारा आणि मग तोच चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावत जाणारा गडी. डर्बीचे बेसबॉल ग्राउंड हे मैदान चिखलासाठी बदनाम होते. एप्रिल १९७७ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यात पेनल्टीचा ठिपका चिखलात इतका बेपत्ता झाला, की मैदानाच्या कर्मचाऱ्याने बादली आणि मोजपट्टी घेऊन येत तो जागेवरच नव्याने रंगवला. अशा चिखलात नव्वद मिनिटे धावायचे म्हणजे पोटऱ्यांची कसोटी. गेमिलने तिथे सात हंगाम काढले.

१९७१-७२ चे विजेतेपद डर्बीला मैदानाबाहेर कळले. आपले सामने संपवून खेळाडू मायोर्का बेटावर सुटीला गेले होते. इकडे लीड्स आणि लिव्हरपूल अडखळले आणि चषक डर्बीचा झाला. पुढच्या वर्षी युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत इटलीच्या युव्हेंटसविरुद्ध ट्यूरिनच्या सामन्यात गेमिल आणि कर्णधार रॉय मॅकफार्लंड या दोघांनाही पंचांनी ताकीद दिली. आधीची एकेक ताकीद नावावर असल्याने दोघेही परतीच्या सामन्याला मुकले. डर्बी उपांत्य फेरीतच बाद झाली. तो अन्याय होता, असे क्लफ पुढे कायम म्हणत राहिले. १९७४-७५ मध्ये मॅकफार्लंड जखमी असल्याने नेतृत्व गेमिलकडे आले आणि डर्बीने दुसऱ्यांदा लीग जिंकली. त्या वेळचे प्रशिक्षक डेव्ह मॅके हेही मूळचे स्कॉटलंडचे आणि मधल्या फळीतलेच.

१९७७ च्या शरदात क्लफनी त्याला पुन्हा आपल्याकडे, नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये, बोलावून घेतले. नुकताच वरच्या श्रेणीत आलेला हा संघ त्याच हंगामात विजेता झाला. त्यापुढची गोष्ट मात्र कडवट आहे. १९७९ च्या युरोपियन कपमध्ये कोलोनविरुद्धच्या उपांत्य सामन्यात गेमिलला दुखापत झाली. ३० मे रोजी म्युनिकच्या अंतिम सामन्यापर्यंत तो बरा झाला होता, तरी क्लफनी त्याला बाकावरच बसवले. फॉरेस्टने माल्मोला १–० असे हरवले; गेमिलला एक मिनिटही मिळाले नाही. त्याने ती सल लपवली नाही आणि लवकरच तो बर्मिंगहॅम सिटीकडे गेला. संघ जिंकला म्हणून निवड बरोबर ठरली असे म्हणता येईल, पण ज्याने तिथवर पोचायला रक्त आटवले त्याला किमान काही मिनिटे द्यायला हवी होती. तरीही पुढे त्याच क्लफच्या हाताखाली गेमिल फॉरेस्टमध्ये प्रशिक्षक म्हणून परतला.

त्याआधी अमेरिकेतील जॅक्सनव्हिल, मग विगन आणि अखेर पुन्हा डर्बी असा त्याचा खेळाडू म्हणून प्रवास झाला. फॉरेस्टमधला जुना सहकारी जॉन मॅकगव्हर्नसोबत त्याने रॉदरहॅम युनायटेड सांभाळला आणि १९९६ मध्ये त्या छोट्या क्लबने वेंब्लीवर फुटबॉल लीग ट्रॉफी जिंकली. मुलगा स्कॉट हाही फॉरेस्टच्या मधल्या फळीत आणि स्कॉटलंडकडून खेळला.

आता तो गोल. १९७८ च्या विश्वचषकासाठी स्कॉटलंड मोठ्या गाजावाजाने अर्जेंटिनाला गेला आणि पेरूकडून ३–१ हरला. उत्तेजक चाचणीत दोषी ठरलेल्या विली जॉन्स्टनला घरी पाठवावे लागले. इराणशी १–१ बरोबरी झाली. ११ जून रोजी मेंडोसा येथे नेदरलँड्सला तीन गोलांच्या फरकाने हरवले, तरच पुढची फेरी. रेन्सनब्रिंकच्या पेनल्टीने नेदरलँड्स पुढे गेला, डॅलग्लिशने बरोबरी साधली, मध्यंतरानंतर गेमिलने पेनल्टीवर २–१ केले.

६८ व्या मिनिटाला डॅलग्लिशकडून निसटलेला चेंडू उजव्या बाजूला गेमिलच्या पायाशी आला. नेदरलँड्सचा यान्सन घसरत अंगावर आला; गेमिलने चेंडू अलगद आत ओढून त्याला मागे टाकले. क्रोल आडवा आला, त्यालाही बगल दिली. पोर्टफ्लीटच्या तर दोन पायांच्या फटीतूनच चेंडू पुढे काढला. गोलरक्षक योंगब्लूट झेपावला तोवर डाव्या पायाने चेंडू त्याच्यावरून उचलून जाळ्यात. सगळा मामला काही सेकंदांचा, आणि त्यात ताकदीचा एकही फटका नाही. या हालचालींवर पुढे नृत्यही बसवले गेले.

३–१. अजून एक गोल हवा होता. तीनच मिनिटांत जॉनी रेपने लांबून फटका मारून ३–२ केले. नेदरलँड्स पुढे अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सामना जिंकलेला स्कॉटलंड मात्र गोलफरकात मागे पडून घरी परतला.